२१४७४८३६४७ : दोनच्या घाताला एक कमी

प्रश्न थोडक्यात असा: २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे असं जिथे बघावं तिथे लिहिलेलं सापडतं, पण तुम्ही स्वतः लिहिलेला साधा प्रोग्राम मात्र ती मूळ नाही म्हणतो. मग खरं काय? संगणक नव्हते तेव्हा हे कुणी आणि कसं ठरवलं? आणि ३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा एवढं सोडलं तर या संख्येत गणित म्हणून काही आहे का?

संख्या मूळ आहे. चूक प्रोग्रामात आहे, आणि ती कुठल्या ओळीत आहे हे कोड न बघता सांगतो, कारण तीच चूक मी केलेली आहे.

तुम्ही २, ३, ५, ७ असे भाजक घेत गेला असाल आणि लूपची अट 'भाजक × भाजक <= संख्या' अशी ठेवली असेल. तत्त्व बरोबर आहे, वर्गमुळापलीकडे बघायची गरज नसते. आता आकडे बघा. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, म्हणजे तो मर्यादेत मावतो. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१, म्हणजे ४६३४ ने जास्त. इथे लूप थांबायला हवं. पण ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ही संख्या मावतच नाही, तिची गुंडाळी होऊन −२१४७४७९०१५ तयार होते, आणि ऋण संख्या काय, अट निमूट पाळते. लूप पुढे चालू. खरी गंमत तर याच्याही पुढे आहे. त्या प्रकारात २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्याच नसल्यामुळे ही अट कधी खोटी ठरूच शकत नाही. भाजक वाढत वाढत शेवटी स्वतः २१४७४८३६४७ होतो, बाकी शून्य येते, आणि प्रोग्राम जाहीर करतो की भाजक सापडला. म्हणजे संख्येला तिच्याच नावाने बाद केलं! (सी भाषेत अशा ओव्हरफ्लोचं वर्तन ठरलेलं नाही, त्यामुळे एखादा कम्पायलर वेगळाही वागेल. पण बहुतेक वेळा हेच दिसतं.) मी या प्रकारात एक अख्खी दुपार पुस्तकावर शंका घेण्यात घालवली होती. छोट्या संख्यांवर प्रोग्राम बिनचूक चालतो, म्हणून स्वतःवर संशय येत नाही.

उपाय दोन. वर्ग ६४ बिटांत काढा, किंवा अट 'भाजक <= संख्या / भाजक' अशी लिहा. मला दुसरा आवडतो, कारण त्यात मोठा आकडा जन्मालाच येत नाही.

आता मर्यादेचा मुद्दा. ३२ पैकी एक बिट चिन्हाला गेला की उरतात ३१, आणि ते सगळे १ केले की २^३१ − १ मिळते. ती मूळ निघाली हा निव्वळ योगायोग. ८ बिटांची मर्यादा १२७, तीही मूळ. पण १६ बिटांची ३२७६७ म्हणजे ७ × ३१ × १५१, आणि ६४ बिटांची २^६३ − १ हिला तर ७ ने दोनदा भाग जातो. कारण साधं आहे: घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्त. १५ = ३ × ५, म्हणून २^१५ − १ ला २^३ − १ म्हणजे ७ आणि २^५ − १ म्हणजे ३१ या दोघांनी भाग जाणारच. ३१ मूळ आहे म्हणून आपल्या संख्येवर ही आपत्ती येत नाही. पण घातांक मूळ असणं पुरेसं नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

या जातीच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मर्सेन यांनी १६४४ मध्ये घातांकांची यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. ३१ बरोबर होता, पण त्या वेळी तो दावाच होता, सिद्धता नव्हती. ती ऑयलर यांची. बर्नूली यांना लिहिलेलं त्यांचं पत्र १७७२ मध्ये छापून आलं, त्यात ही संख्या मूळ असल्याचं आहे. त्याआधी २^२९ − १ त्यांनीच फोडली होती: २३३ × ११०३ × २०८९.

ऑयलर यांची रीत मी जरा सावकाश सांगतो, कारण या संख्येचं सगळं मर्म तिथेच पहिल्यांदा उघडं पडतं.

४६३४० पर्यंतच्या मूळ संख्या सुमारे ४८०० आहेत. प्रत्येकीने दहा अंकी संख्येला हाताने भागायचं म्हणजे महिन्यांचं काम. ऑयलर म्हणतात, थांबा, वाटेल ती मूळ संख्या विभाजक होऊच शकत नाही. समजा क हा मूळ विभाजक आहे. मग क ने भागून बाकी बघायची ठरवली तर २^३१ ची बाकी १ येते. म्हणजे २ चे घात घेत गेलं की ३१ पावलांनी आपण १ वर परततो. त्याआधी परतणं शक्य नाही, कारण परतीच्या पावलांची संख्या ३१ चा विभाजक असायला हवी आणि ३१ मूळ आहे. दुसरीकडे फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की क ने भाग न जाणारी कोणतीही संख्या क − १ पावलांनी १ वर येतेच. म्हणून क − १ ला ३१ ने भाग जायला हवा. क विषम, म्हणून ६२ ने. झालं, क हा ६२ च्या पटीत एक जास्त असा असणार.

आणखी एक चाळणी आहे, आणि ती मला जास्त देखणी वाटते. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे ६५५३६ चा वर्ग. म्हणजे क च्या जगात, क ने भागून फक्त बाक्याच बघितल्या तर, २ या संख्येला पूर्ण वर्गमूळ आहे, ते ६५५३६! आणि २ ला वर्गमूळ असणं हे ज्या विषम मूळ संख्येला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते तिच्याच बाबतीत घडतं. (हा ६५५३६ लक्षात ठेवा, तो परत भेटणार आहे.)

दोन्ही चाळण्या एकत्र लावल्या की विभाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. ४६३४० पर्यंत अशा संख्या मोजून ३७३. त्यांतल्या बहुतेक स्वतःच संयुक्त. सुरुवात बघा: ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. यांत मूळ फक्त दोन, ३११ आणि १३०३. ३११ ने भागा, बाकी ३५. १३०३ ने भागा, बाकी २२६. असे भागाकार शेवटपर्यंत करायचे, एकूण सुमारे ८०. बाकी शून्य कधीच येत नाही. ४८०० चं काम ८० वर आलं, म्हणजे चिकाटीच्या माणसाला थोड्या बैठकांचं.

हीच चाळणी बाकीच्यांच्या बाबतीत किती पटकन घाव घालते तेही बघण्यासारखं आहे. घातांक ११ घेतला तर पहिला उमेदवार २ × ११ + १ = २३, आणि तोच २०४७ ला भागतो. घातांक २३ ला ४७. घातांक ३१ ला हा पहिला उमेदवार ६३ आहे आणि ६३ मूळच नाही, म्हणून पहिला वार हुकला. पुढचेही सगळे हुकले.

आता आधुनिक रीत, आणि त्याआधी एक सावधगिरी. मोठी संख्या मूळ आहे का बघायला बरेच जण पहिल्यांदा फर्माची कसोटी आधार २ घेऊन लावतात: संख्येपेक्षा एकाने कमी एवढा २ चा घात घ्या, बाकी १ आली तर संशयाचा फायदा द्या. मर्सेन संख्यांवर ही कसोटी पूर्णपणे निकामी आहे. २०४७ सुद्धा त्यात पास होते, कारण २ तिथे ११ पावलांनी १ वर येतो आणि २०४६ ला ११ ने भाग जातो. घातांक मूळ असलेली प्रत्येक मर्सेन संख्या अशीच पास होते. आधार ३ घ्या, २ नको.

खरी कसोटी लुकास-लेमर यांची. लुकास यांनी ती १८७८ मध्ये मांडली, लेमर यांनी १९३० मध्ये तिला आजचं रूप दिलं. कृती लहान मुलाला सांगावी इतकी सोपी आहे. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी ठेवा. हे २९ वेळा करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त.

करून बघू. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथपर्यंत भागायची गरजच पडत नाही. पुढचा वर्ग मोठा होतो, बाकी काढली की ६६९६७०८३८. तिथून पुढे आकडे मनाला येईल तसे उड्या मारतात, त्यात कसलाही क्रम दिसत नाही. आणि मग अठ्ठाविसाव्या पावलाला अचानक एक ओळखीचा चेहरा समोर येतो: ६५५३६. त्याचा वर्ग २^३२, त्यातून २ वजा केले की २ × (२^३१ − १), आणि त्याची बाकी शून्य. एकोणतिसावं पाऊल, संपलं. मी पहिल्यांदा ही यादी छापून घेतली तेव्हा त्या गोंधळातून ६५५३६ वर आलेलं बघून खुर्चीत सरळ बसलो होतो. तो अपघात नाही. मर्सेन संख्या मूळ असेल तर शून्याच्या आधीच्या पावलाला २ च्या याच प्रकारच्या घाताला यावंच लागतं, धन किंवा ऋण.

पण ही कृती मुळात का चालते? याचं उत्तर आपल्या वर्गप्रकृतीत आहे, म्हणजे क्ष² − न × य² = १ अशा समीकरणांच्या जुन्या भारतीय गणितात. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दाखवलं की अशा समीकरणांची दोन उत्तरं घेऊन तिसरं बनवता येतं. त्या कृतीला तो भावना म्हणतो. आपण क्ष² − ३य² = १ घेऊ. (२, १) हे उत्तर उघड आहे: ४ − ३ = १. या जोडीची तिच्याशीच भावना केली की (७, ४): ४९ − ४८ = १. पुन्हा तसंच, (९७, ५६): ९४०९ − ९४०८ = १. आता पहिल्या आकड्यांची दुप्पट करा: ४, १४, १९४. लुकास-लेमर यांची मालिका म्हणजे हीच भावना, फक्त दुप्पट करून लिहिलेली.

आता हेच सगळं बाकीच्या जगात, म्हणजे २१४७४८३६४७ ने भागून, करायचं. मालिकेत शून्य आलं याचा अर्थ जोडीची तिच्याशीच एकोणतीस वेळा भावना केल्यावर तिचा पहिला आकडा ० झाला. आणखी एकदा तशीच भावना केली की जोडी (−१, ०) होते, आणखी एक केली की (१, ०), म्हणजे जिथे भावना करून काहीच बदलत नाही तो मुक्काम. म्हणून (२, १) ही जोडी बरोबर २^३१ पावलांनी घरी येते, त्याआधी नाही. आता समजा संख्येला ४६३४० च्या आतला एखादा मूळ विभाजक क आहे. क च्या जगात या समीकरणाच्या जोड्या असतात किती? जास्तीत जास्त क + १, म्हणजे फार तर ४६३४१. एवढ्याशा वाड्यात कुणी २१४ कोटी पावलं परत न येता चालेल कसं? म्हणून असा विभाजक नाही. संपूर्ण सिद्धता एवढीच.

यात सगळा भार कशावर आहे ते बघा. संख्येचा पुढचा शेजारी २^३१ आहे, निव्वळ दोनांचा गुणाकार. तो शेजारी पूर्ण माहीत असल्यामुळे या संख्येची सिद्धता २९ वर्गांत होते. तुमच्या 'हिच्यात विशेष काय' या प्रश्नाला माझं उत्तर हेच. मूळ संख्या अनंत आहेत आणि दहा अंकी तर कोट्यवधी आहेत. हिची किंमत तिच्या शेजाऱ्यामुळे आहे.

त्याच शेजाऱ्यामुळे हिच्यासोबत हिशेब करणंही भलतंच स्वस्त पडतं. नऊने भागल्यावरची बाकी काढायला आपण भागाकार करत नाही, अंकांची बेरीज करतो. ते चालतं कारण १० ही ९ पेक्षा एकाने जास्त आहे. इथेही तेच. २^३१ ची बाकी १, म्हणून कुठलीही मोठी संख्या २^३१ च्या पटीत तोडा, वरचा भाग आणि खालचा भाग यांची बेरीज करा, झाली बाकी. एक उदाहरण पुरं करतो. २८२४७५२४९ × १६८०७ = ४७४७५६१५०९९४३. यात २^३१ बसतो २२१० वेळा, उरतात १६२२६४७८६३. बेरीज १६२२६५००७३. हीच बाकी. संगणकाला यात भागाकार लागत नाही, बिट ३१ घरं सरकवणं आणि एक बेरीज पुरते. बेरीज मर्यादेबाहेर गेलीच तर हीच घडी आणखी एकदा. बाकीच्या जगातल्या दोन संख्यांचा गुणाकार ६२ बिटांत मावतो, म्हणून ६४ बिटांच्या यंत्रावर सगळं आरामात होतं.

वरचं उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. १६८०७ हा यादृच्छिक संख्या तयार करायचा एक गाजलेला गुणक आहे. १ पासून सुरुवात करून दर वेळी १६८०७ ने गुणायचं आणि आपल्या संख्येची बाकी ठेवायची: १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३... १९६९ मध्ये आयबीएमच्या ३६० यंत्रांसाठी हे सुचवलं गेलं, १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जा म्हणून त्याची शिफारस केली, आणि सी प्लस प्लसच्या प्रमाणित लायब्ररीत ते आजही आहे. स्वतः लिहिलेला प्रोग्राम तपासायचा असेल तर १ पासून निघून दहा हजाराव्या पावलाला १०४३६१८०६५ यायला हवं. नाही आलं तर कुठेतरी ओव्हरफ्लो आहे.

१६८०७ च का? इथे मागचा शेजारी कामाला येतो, म्हणजे २१४७४८३६४६. ही फोडायला यंत्र लागत नाही: २ × (२^३० − १) = २ × (२^१५ − १) × (२^१५ + १) = २ × ३२७६७ × ३२७६९. पहिला आपण वर फोडलाच, ७ × ३१ × १५१. दुसरा ९ × ११ × ३३१. म्हणून एकूण २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. आता ज्या संख्येचे घात शून्य सोडून सगळ्या २१४७४८३६४६ बाक्यांना भेट देऊनच १ वर परततात तिला आदिम मूळ म्हणतात. आपल्या संख्येचं सर्वांत लहान आदिम मूळ ७ आहे. १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात, आणि वरच्या फोडीत ५ नाही, म्हणून १६८०७ सुद्धा पूर्ण फेरी मारतो. अशी आदिम मुळं एकूण ५३ कोटी ४६ लाख आहेत, नेमकी. सगळ्या बाक्यांच्या साधारण पाव हिस्सा. याउलट २ हा फारच आळशी, ३१ पावलं टाकतो आणि परत घरी.

खरं सांगायचं तर आज मी हा गुणक कुठल्याही गंभीर कामाला वापरणार नाही. २१४ कोटींची फेरी आताचं यंत्र काही सेकंदांत संपवतं, आणि एक आकडा हाती लागला की पुढचे सगळे कुणीही काढू शकतो. खेळातल्या फाशांपुरतं ठीक. गुप्तलेखनात तर ३१ बिटांची मूळ संख्या म्हणजे कडी नसलेलं दार.

वर्गमुळांची मात्र चैन आहे. मूळ संख्येला ४ ने भागून ३ उरत असेल तर एखाद्या बाकीचं वर्गमूळ काढायला तिचा (संख्या + १) ÷ ४ एवढा घात घ्यायचा असतो. इथे संख्या + १ हाच २^३१, म्हणून घात २^२९. म्हणजे नुसते २९ वेळा वर्ग करत जायचं, वर्गमूळ हातात! वर्ग करून करून वर्गमूळ मिळतं हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून २ वर करून बघा. २ चा वर्ग ४, मग १६, २५६, ६५५३६, आणि पाचव्या वेळी २^३२ म्हणजे परत २. पाचाचं चक्र. २९ ला ५ ने भागून बाकी ४, म्हणून एकोणतिसाव्या वर्गाला आपण ६५५३६ वर असतो. तेच २ चं वर्गमूळ, तिसऱ्यांदा भेटलं. −१ ला मात्र या जगात वर्गमूळ नाही, ४ ने भागून ३ उरण्याचीच ती दुसरी बाजू. म्हणून ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येत नाही. ८ ने भागून ७ उरतात म्हणून तीन वर्गांतही नाही, चार लागतातच.

दोन्ही शेजाऱ्यांचा फरक अलीकडे पुन्हा महत्त्वाचा ठरला. जलद फूरिये रूपांतराला, म्हणजे मोठाले गुणाकार झपाट्याने उरकायच्या रीतीला, २ च्या मोठ्या घाताएवढं चक्र लागतं. मागच्या शेजाऱ्यात २ एकदाच आहे, त्यामुळे नेहमीची रीत इथे चालत नाही, आणि बरीच वर्षं लोक या कामासाठी ही संख्या बाजूला ठेवत. पण क्ष² + य² = १ या वर्तुळावर, बाकीच्या जगात, बरोबर २^३१ बिंदू आहेत, आणि ते एका चक्रात बसतात. २०२४ मध्ये शून्य-ज्ञान सिद्धतांसाठी (गुपित उघड न करता दावा पटवून देणाऱ्या सिद्धता) नेमकं हेच वर्तुळ वापरणारी पद्धत पुढे आली. भावना तीच, वर्गप्रकृतीचं चिन्ह बदललेलं.

परिपूर्ण संख्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण ते राहायला नको. युक्लिडच्या नियमाने २^३० × (२^३१ − १) = २३०५८४३००८१३९९५२१२८ ही संख्या स्वतःच्या सगळ्या छोट्या विभाजकांच्या बेरजेएवढी आहे. या मालिकेतली ती आठवी. पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडेल असं वाटत नाही, कारण या नुसत्या कुतूहलाच्या गोष्टी, कुणी त्यांच्या मागे लागणार नाही. १८७६ मध्ये लुकास यांनी ३९ अंकी २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची आहे. बार्लो यांचा गणिताचा नाही, माणसांचा अंदाज चुकला.

शेवटचा भाग तुम्हाला करून बघण्यासाठी ठेवतो. ३ हा मर्सेन मूळ. तो घातांक केला तर २^३ − १ = ७ मूळ, २^७ − १ = १२७ मूळ, २^१२७ − १ ही मूळ. मग आपली संख्याच घातांक केली तर? ती निघणारी संख्या ६४ कोटींहून जास्त अंकांची आहे, ती लिहून तपासणं सोडा. पण ऑयलर यांची चाळणी इथेही लागू पडते: विभाजक असलाच तर तो २ × २१४७४८३६४७ च्या पटीत एक जास्त असणार. १९८३ मध्ये असा एक सापडला, २९५२५७५२६६२६०३१. तो म्हणजे २१४७४८३६४७ × १३७४९० + १. म्हणजे ती प्रचंड संख्या संयुक्त.

हे तुम्ही पाच ओळींत तपासू शकता. २ पासून निघा आणि ३१ वेळा वर्ग करा, दर वेळी २९५२५७५२६६२६०३१ ने भागून बाकी ठेवा. शेवटी हातात पुन्हा २ च यायला हवेत. आणि हो, मधले वर्ग ९७ बिटांपर्यंत जातात, ६४ बिटांत मावणार नाहीत. १२८ बिटांचा प्रकार घ्या, नाहीतर परत तीच दुपार.